आपली चूक आधी आपल्यालाच सापडावी : शिकाऊ वैमानिकासाठी मनाच्या सवयी

माझ्या लॉगबुकात तेव्हा नव्वदेक तास होते. सकाळची सोलो सॉर्टी (एकट्याने करायचं उड्डाण) होती, विमान सेस्ना १७२. पंखापाशी चढून डिपस्टिकने इंधन मोजत होतो, तेवढ्यात खालून कोणीतरी हाक मारली. उतरलो, दोन मिनिटं बोललो आणि परत येऊन वॉकअराउंडची, म्हणजे उड्डाणाआधी विमानाभोवती फिरून करायच्या तपासणीची, पुढची पायरी सुरू केली. डाव्या टाकीचं झाकण जागेवर ठेवलं होतं, पण फिरवून घट्ट बसवलं नव्हतं. टेकऑफनंतर डाउनविंडला, म्हणजे धावपट्टीला समांतर उलट जाताना, मान वळवली, तर पंखाच्या मागच्या कडेवरून इंधनाचा पातळ फवारा उडत होता. सर्किट, म्हणजे धावपट्टीभोवतीची ठरलेली फेरी, पुरं करून सुखरूप उतरलो. संध्याकाळी मेसमध्ये ही गोष्ट सांगताना मी हाक मारणाऱ्याला दोष दिला. रात्री मात्र झोप लागली नाही, कारण झाकण त्याने उघडलं नव्हतं.

आता बरीच वर्षं मी उजव्या, म्हणजे इन्स्ट्रक्टरच्या सीटवर बसून शिकवतो. कौशल्य, नम्रता आणि मनाची शिस्त हे तीन वेगवेगळे गुण असल्यासारखं आपण बोलतो. मला ते एकाच कामाचे भाग वाटतात. चूक होणारच हे धरून चालायचं, आणि ती आपल्याला लवकर सापडेल अशी सोय आधीच करून ठेवायची. ही सोय कशी करायची ते एका सॉर्टीच्या क्रमाने सांगतो.

आदल्या रात्री: खुर्चीतलं उड्डाण

एक खुर्ची घ्या, समोरच्या भिंतीवर तुमच्या विमानाच्या कॉकपिटचं चित्र लावा आणि उद्याची सॉर्टी पूर्ण वेळ घेऊन बसल्या जागी उडवा. हात खरोखर थ्रॉटलच्या, फ्लॅपच्या, ट्रिमच्या जागी गेला पाहिजे. आर/टी (रेडिओवरचं बोलणं) मोठ्याने बोला. सर्किटला खरी जितकी मिनिटं लागतात तितकीच इथेही लागू द्या. घाईने उरकलं तर हाताला घाईच शिकवली जाते.

दोन फेऱ्या सुरळीत झाल्या की तिसऱ्या फेरीत स्वतःच बिघाड घाला. ३०० फुटांवर इंजिन बंद, फायनलवर (उतरण्याच्या शेवटच्या सरळ टप्प्यावर) असताना धावपट्टीवर कुत्रा, डाउनविंडला रेडिओ गप्प. उत्तर अडखळलं की तिथेच थांबा, विमानाचं हँडबुक उघडा, पाहा आणि पुन्हा सुरुवातीपासून उडवा. खुर्चीत अडखळायला पैसे पडत नाहीत. विमानात त्याच अडखळण्याचे तासाला हजारो रुपये जातात, आणि कधी कधी पैशांवरही भागत नाही.

निघण्याआधी स्वतःचा वॉकअराउंड

विमानाभोवती फिरण्याआधी स्वतःकडे पाहा. झोप किती झाली? पोटात काही आहे का? सर्दी आहे का? बंद नाकाने वर गेलात तर खाली येताना कानात अशी कळ येते की लँडिंगकडे लक्षच राहत नाही. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते, त्यामुळे एव्हिएशन मेडिकलच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी घेऊन उडू नका. मद्याचा नियम स्पष्ट आहे: उड्डाणाआधीचे १२ तास अजिबात नाही.

यापुढचा प्रश्न अवघड आहे: डोक्यात काय चाललंय? सीपीएलसाठी (व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी) २०० तास पुरे करायचे असतात. अनेकांच्या घरी त्यासाठी कर्ज काढलेलं असतं, काहींची जमीन तारण असते. हवामान बिघडलेलं असताना, विमान दुरुस्तीला गेलेलं असताना, महिना संपत आलेला असताना ते कर्ज तुमच्याबरोबर कॉकपिटमध्ये येऊन बसतं. मी मुलांना सांगतो की हे ओझं लपवू नका. ‘सर, आज मन ठिकाणावर नाही’ हे वाक्य मला फ्लाइट प्लॅनइतकंच कामाचं वाटतं. असं सांगणाऱ्या विद्यार्थ्याला मी कधीही कमी लेखलेलं नाही, आणि जो इन्स्ट्रक्टर कमी लेखेल तो चुकतोय.

वैमानिकाच्या मनाचे पाच धोकादायक कल जगभर शिकवले जातात. आपल्या भाषेत ते असे ऐकू येतात: ‘नियम कोणाला सांगताय?’, ‘काहीतरी कर, लवकर!’, ‘मला काही होत नाही’, ‘बघाच आता’ आणि ‘जाऊ दे, आता माझ्या हातात काय आहे?’. यातलं आपलं वाक्य कोणतं, हे प्रत्येकाने प्रामाणिकपणे ओळखावं. माझं दुसरं होतं. त्यावरचा उताराही ठरलेला आहे: थांब, आधी विचार कर. कित्येक वर्षं तो माझ्या नीबोर्डवर (मांडीवर बांधायच्या पाटीवर) लिहिलेला होता.

मर्यादा कागदावर, आकडे स्वतःच्या हाताने

कायद्याने जे चालतं ते सगळं आज तुम्हाला झेपेलच असं नाही. सेस्ना १७२ च्या हँडबुकात १५ नॉटपर्यंतचा आडवा वारा दाखवलेला आहे, पण तो अनुभवी वैमानिकाने हाताळलेला वारा आहे. वीस तासांचा सोलो झालेल्या मुलाने स्वतःसाठी सात-आठ नॉट लिहावेत. दृश्यमानता, ढगांची उंची, उतरताना उरलेलं इंधन, यांचेही स्वतःचे आकडे लिहा, खाली तारीख घाला आणि इन्स्ट्रक्टरची सही घ्या. ही मर्यादा जमिनीवर, शांतपणे, चार सॉर्टींच्या अनुभवानंतर बदलता येते. हवेत असताना, किंवा निघायच्या दिवशी सकाळी, ती कधीही सैल करायची नाही.

आकडेमोड कंटाळवाणी वाटते म्हणून मुलं ती टॅब्लेटवर सोपवतात. टॅब्लेट जरूर वापरा, पण त्याआधी कागदावर करा. दख्खनच्या पठारावरची, समुद्रसपाटीपासून १,९०० फुटांवरची धावपट्टी घ्या. एप्रिलची दुपार, तापमान ४० अंश. प्रमाण तापमान समुद्रसपाटीला १५ अंश असतं आणि दर हजार फुटांना सुमारे दोन अंशांनी उतरतं, म्हणजे इथे ते ११ च्या आसपास हवं होतं. आपण २९ अंशांनी वर आहोत, आणि गरम हवा विरळ असते. दर अंशाला साधारण १२० फूट धरले तर ३,४८० फूट वाढतात. विमानाच्या दृष्टीने तुम्ही जवळपास ५,४०० फुटांवरून टेकऑफ करताय. सकाळी सातला जी धावपट्टी ऐसपैस वाटली, ती दुपारी तोकडी का पडते आणि झाडं अंगावर का येतात, ते या एका गणितात आहे. ज्याने ते स्वतः मांडलं, तो दुपारच्या सॉर्टीला आपणहून एक माणूस किंवा वीस लिटर इंधन कमी घेतो. अर्थात परतीचा प्रवास आणि राखीव साठा धरूनच.

एककं तर दोनदा तपासा. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचं बोइंग ७६७ हे विमान ४१,००० फुटांवर असताना इंधनाअभावी थंडावलं. इंधनदर्शक बंद होते, म्हणून टाकीतलं इंधन मोजपट्टीने मोजून लिटर काढले गेले. त्यांचं वजन काढताना १.७७ ने गुणलं, जो पौंडांचा आकडा होता. नव्या मेट्रिक विमानाला किलो हवे होते आणि त्यासाठी गुणक होता ०.८ च्या आसपास. गरजेच्या निम्म्याहूनही कमी इंधन घेऊन विमान निघालं. कॅप्टन बॉब पिअरसन ग्लायडर उडवणारे होते. त्यांनी ते अवाढव्य विमान गिमलीच्या जुन्या हवाई तळावर ग्लायडरसारखं उतरवलं आणि सगळे वाचले. या गोष्टीतलं त्यांचं कसब सगळ्यांना आठवतं. मला गुणाकार जास्त आठवतो, कारण तो कॉकपिटमध्येही तपासला गेला होता आणि तपासणाऱ्यांनी तोच चुकीचा आकडा धरला होता. तपासणं म्हणजे दुसऱ्याच्या बेरजेवर टिक मारणं नव्हे. कोऱ्या कागदावर स्वतः नव्याने मांडून उत्तर जुळतंय का ते पाहायचं.

वॉकअराउंड आणि चेकलिस्ट

चेकलिस्ट नवशिक्यांसाठी असते, असा एक गैरसमज शंभरेक तासांच्या सुमारास डोकं वर काढतो. ती जन्माला आली निष्णातांच्या चुकीतून. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेतल्या राइट फील्डवर बोइंगच्या मॉडेल २९९ या चार इंजिनांच्या नव्या बॉम्बरची चाचणी होती. उडवणारे मेजर प्लॉयर हिल कसलेले चाचणी वैमानिक होते. जमिनीवर वाऱ्याने पंख-शेपटीचे हलते भाग हलू नयेत म्हणून लावलेलं कुलूप टेकऑफआधी काढायचं राहून गेलं. विमान नाक वर करत चढलं, स्टॉल झालं (पंखांची उचल गेली) आणि कोसळलं. हिल गेले. नंतर लष्करी वैमानिकांनी टॅक्सी, टेकऑफ, लँडिंगच्या छोट्या याद्या केल्या आणि तेच विमान पुढे बी-१७ म्हणून हजारोंनी उडालं. विमान तेच होतं. फरक इतकाच की आता स्मरणशक्तीवर भिस्त नव्हती.

म्हणून तीन सवयी. एक, ओळ वाचली की त्या वस्तूला हात लावा, मग डोळ्यांनी पाहा, मग उत्तर बोला. ‘फ्युएल सिलेक्टर, बोथ’ (इंधन दोन्ही टाक्यांतून) हे पाठ म्हणताना हात मांडीवर असेल तर ती तपासणी झालीच नाही. दोन, मध्ये कोणी बोललं, फोन वाजला, टॉवरने बोलावलं, तर तो भाग पहिल्या ओळीपासून परत. ‘इथपर्यंत झालं होतं बहुतेक’ यातल्या ‘बहुतेक’वर माझं झाकण उघडं राहिलं होतं. तीन, वॉकअराउंड करणाऱ्या माणसाला हाक मारू नका. आमच्याकडे मी हा नियमच केला आहे, आणि तो मलाही लागू आहे.

मोठ्या माणसाला कॉकपिटमध्ये कसं सांगायचं

यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण इथे आपले संस्कार आडवे येतात. मोठ्यांना उलट बोलू नये, सरांची चूक चारचौघांत दाखवू नये, हे आपण लहानपणापासून शिकतो. घरात ते शोभतं. कॉकपिटमध्ये त्याने माणसं मरतात.

२७ मार्च १९७७, स्पेनच्या तेनेरिफे बेटावरचा विमानतळ. धुक्याने धावपट्टी झाकलेली. केएलएम या डच कंपनीच्या जंबोचे कॅप्टन त्या कंपनीतल्या बोइंग ७४७ च्या प्रशिक्षणाचे प्रमुख होते. टॉवरकडून मार्गाची परवानगी आली होती, टेकऑफची आली नव्हती. विमान धावू लागलं. फ्लाइट इंजिनीअरने रेडिओवरचं बोलणं ऐकून विचारलं, ‘म्हणजे पॅन ॲम अजून बाहेर पडलेलं नाही का?’ कॅप्टनने ठामपणे सांगितलं की पडलंय. त्यानंतर कोणी काही बोललं नाही. पॅन ॲमचं जंबो त्याच धावपट्टीवर होतं. ५८३ माणसं गेली. शंका योग्य होती, वेळेवर आली होती, पण प्रश्नाच्या रूपात आली, आणि ज्याला विचारलं त्याच्या अधिकारापुढे विरली.

आपल्याकडचं उदाहरण मंगळुरूचं. २२ मे २०१० च्या सकाळी दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान टेबलटॉप (टेकडीच्या माथ्यावरच्या) धावपट्टीवर फार पुढे टेकलं आणि कड्यावरून खाली गेलं. १५८ जणांचा मृत्यू झाला. चौकशी अहवालानुसार कॅप्टन प्रवासात बराच वेळ झोपले होते, खाली येताना विमान खूप उंच होतं, आणि फर्स्ट ऑफिसरने (सह-वैमानिकाने) तीनदा गो-अराउंड (न उतरता पुन्हा वर चढणं) सुचवला होता. तीनदा सुचवूनही विमान उतरतच राहिलं. हा परिच्छेद मी वर्गात वाचतो तेव्हा नेहमी शांतता पसरते, आणि मला ती पसरायला हवी असते.

यावरची रीत चार पायऱ्यांची आहे. ती आधी खुर्चीत घोकून ठेवा.

पहिली पायरी नुसता आकडा: ‘सर, स्पीड पंचावन्न.’ यात उद्धटपणा येतच नाही, कारण बोलतंय ते काटा. उत्तर आलं नाही, किंवा आकडा सुधारला नाही, तर दुसरी: काळजी आणि उपाय एकत्र. ‘सर, आपण फार उंच आहोत, गो-अराउंड करूया.’ तिसरी पायरी आज्ञा: ‘गो-अराउंड!’ इथे ‘सर’ नाही, ‘वाटतं’ नाही, प्रश्नचिन्ह तर नाहीच. चौथी पायरी, समोरचा बधिर झाला असेल आणि जमीन जवळ असेल तर, ‘आय हॅव कंट्रोल’ म्हणून हात घालणं. विद्यार्थ्यावर ती वेळ क्वचित येईल. उद्या को-पायलट झाल्यावर येऊ शकते. कोणत्या परिस्थितीत कोणी कंट्रोल घ्यायचा, हे ब्रीफिंगमध्येच दोघांनी बोलून ठेवावं.

जो मोठा आहे त्याची जबाबदारी याहून मोठी आहे. विद्यार्थ्याने टोकलं की माझं उत्तर ठरलेलं: ‘चेक्ड’. स्पष्टीकरण नाही, ‘माहितेय मला’ नाही. त्याचं टोकणं चुकीचं निघालं तरी हवेत तेच उत्तर, आणि खाली उतरल्यावर आधी शाबासकी, मग समजावणं. एकदा चारचौघांत पाणउतारा झालेलं पोर पुन्हा तोंड उघडत नाही. मग त्या कॉकपिटमध्ये दोन जागांवर एकच माणूस उडत असतो.

रेडिओवरही हेच. टॉवरचं अर्धवट ऐकू आलं तर ‘से अगेन’ म्हणायला लाजू नका. धावपट्टीचा क्रमांक आणि ‘होल्ड शॉर्ट’ (धावपट्टीआधीच थांबा) ही सूचना पूर्ण म्हणून दाखवा. अंदाजाने ‘रॉजर’ (ऐकलं) म्हणणं ही या धंद्यातली सगळ्यात स्वस्त दिसणारी आणि सगळ्यात महाग पडणारी सवय आहे.

शरीर खोटं सांगतं

१ जानेवारी १९७८ च्या रात्री सांताक्रूझहून एअर इंडियाचं ‘एम्परर अशोक’ हे जंबो दुबईकडे निघालं. समुद्रावर पोचलं, खाली काळोख, क्षितिज नाही. उजवं वळण घेऊन विमान सरळ झालं, पण कॅप्टनसमोरचं कृत्रिम क्षितिज (विमानाचा कल दाखवणारं उपकरण) उजवा कलच दाखवत राहिलं. त्यांनी डावीकडे दिलं, आणखी दिलं. वांद्र्याच्या किनाऱ्यापासून जवळच विमान पाण्यात गेलं. २१३ जण गेले. कॉकपिटमध्ये दुसरं क्षितिज होतं, तिसरंही होतं.

शिकाऊ वैमानिकाने यातून दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली, बाहेर क्षितिज दिसत नसेल तेव्हा कानातलं संतुलन निरुपयोगी असतं. १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात इन्स्ट्रुमेंट प्रशिक्षण नसलेल्या २० वैमानिकांची ढगात शिरल्यासारखी परीक्षा घेतली, तेव्हा सगळ्यांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. तीन मिनिटंही नाहीत. जूनमध्ये सह्याद्रीच्या घाटावरचा तो मऊ दिसणारा ढग पाहताना हा आकडा आठवा आणि लवकर मागे वळा. दुसरी, एकाच काट्यावर विसंबू नका. कल दाखवणारा काटा विचित्र वागला तर टर्न कोऑर्डिनेटर (वळण दाखवणारा काटा), दिशा, वेग आणि उंची यांच्याशी ताडून पाहा. जो काटा बाकीच्यांशी जुळत नाही, त्याला खोटा समजा.

गो-अराउंड आणि इंजिन

फायनलवर ३०० फुटांना स्वतःला मोठ्याने विचारा: वेग ठरल्याच्या पाच-दहा नॉटांत आहे? धावपट्टी सरळ समोर? फ्लॅप हवे तसे? उत्तरात एकही ‘नाही’ असेल तर पूर्ण थ्रॉटल, कार्ब हीट (कार्बोरेटरला मिळणारी ऊब) बंद, नाक सावरा, फ्लॅप टप्प्याटप्प्याने वर, आणि टॉवरला सगळ्यात शेवटी सांगा. लँडिंग हे बक्षीस आहे आणि गो-अराउंड ही नाचक्की, असं ज्याच्या मनात बसलंय त्याच्याकडून मी सलग पाच गो-अराउंड करून घेतो आणि त्या दिवशी तेवढंच लिहितो. तिसऱ्या प्रयत्नालाही जमलं नाही तर चौथा त्याच चिडीने करू नका. थोडं लांब जा, सरळ उडा, श्वास सोडा, मग या.

इंजिन गेलं की पहिले काही सेकंद मेंदू मानतच नाही. त्या सेकंदांसाठी हाताला एकच काम शिकवून ठेवा: ग्लाइडचा, म्हणजे इंजिनाविना तरंगत उतरण्याचा वेग. सेस्ना १७२ ला मॉडेलप्रमाणे ६५ ते ६८ नॉट. मग उतरायला शेत, मग रीस्टार्ट, मग मेडे (संकटाची रेडिओ हाक). टेकऑफनंतर कमी उंचीवर गेलं तर समोरच उतरायचं, मागे वळायचा मोह नाही.

१५ जानेवारी २००९ ला न्यूयॉर्कवर पक्षी धडकून एअरबसची दोन्ही इंजिनं सुमारे २,८०० फुटांवर गेली तेव्हा कॅप्टन सलेनबर्गर म्हणाले ‘माय एअरक्राफ्ट’, फर्स्ट ऑफिसर स्काइल्स म्हणाले ‘युअर एअरक्राफ्ट’ आणि दुसऱ्या क्षणी स्काइल्स रीस्टार्टच्या कामाला लागले. हडसन नदीला टेकायला काही सेकंद उरले असताना कॅप्टनने विचारलं, ‘काही सुचतंय?’ उत्तर आलं, ‘खरं तर नाही.’ १५५ च्या १५५ जण वाचले. हजारो तासांचा माणूस अखेरच्या क्षणीही शेजारच्याला विचारतो, हे मला त्या लँडिंगइतकंच मोठं वाटतं.

उतरल्यावर

इन्स्ट्रक्टर काही बोलायच्या आत वहीत तीन ओळी लिहा: काय चुकलं, ते कोणाला आधी दिसलं, पुढच्या वेळी कुठे लक्ष ठेवायचं. मधली ओळ सगळ्यात महत्त्वाची. पहिल्या महिन्यात बहुतेक ठिकाणी ‘सरांना’ असतं. सहाव्या महिन्यात तिथे ‘मला’ येऊ लागलं, तर तुम्ही वैमानिक होताय. लँडिंग किती मऊ झालं यापेक्षा मला हा बदल जास्त सांगून जातो.

लॉगबुकात न उडलेला तास लिहू नका. दहा मिनिटांचाही नाही. त्या तासात जी चूक तुम्हाला सापडायची होती, ती पुढे प्रवासी मागे बसलेले असताना समोर येईल.

आणि पावसाळ्याच्या खंडानंतर, आजारपणानंतर, परीक्षांनंतर, पहिली सॉर्टी ड्युअल (इन्स्ट्रक्टर शेजारी असलेली) मागून घ्या, कोणी सुचवायच्या आधी. मीही घेतो. गेल्या ऑक्टोबरात माझ्या शेजारी बसलेली इन्स्ट्रक्टर माझीच जुनी विद्यार्थिनी होती. पहिल्याच फायनलवर ती म्हणाली, ‘सर, स्पीड साठ.’ पासष्ट हवा होता. ‘चेक्ड’, म्हणालो आणि नाक किंचित खाली घेऊन थ्रॉटल पुढे केला.